मुक्कामाला जागा आहे का?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचन-लेखन बंद सांगितलं. वाचायचं नाही म्हटल्यावर माणूस आठवत बसतो. आणि यंदा आठवायला कारणही तसंच होतं.

कारण म्हणजे आमचे नातूसाहेब. तो डेन्मार्कमध्ये शिकायला आहे हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. २०२५ च्या जूनमध्ये त्याने तिथे एक जुनी मोटारसायकल विकत घेतली आणि एकवीस दिवसांत डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन असा फेरा मारून आला. हिर्टशाल्स नावाच्या बंदरात गाडीसकट बोटीत बसायचं ते नॉर्वेच्या क्रिस्टियानसांडला उतरायचं. तिथून पश्चिम किनाऱ्याने बर्गेनपर्यंत वर जायचं, डोंगर ओलांडून स्वीडनमध्ये उतरायचं, आणि शेवटी माल्मो ते कोपनहेगन हा समुद्रावरचा पूल (हा २००० साली सुरू झाला). मला हे सगळं त्याने व्हिडिओ कॉलवर नकाशा धरून दाखवलं. मी जन्मभर फळ्यावर नकाशे काढले, पण युरोपच्या डोक्यावरचा हा भाग म्हणजे माझ्यासाठी "लाकूड, लोखंड आणि मासे" एवढाच. परीक्षेला तेवढाच यायचा!

माझा पहिला प्रश्न आजीचाच. "अरे, जेवलास काय आणि झोपलास कुठे?" कारण तिथे पेट्रोल महाग, आणि हॉटेलच्या एका रात्रीच्या पैशांत आमच्या दोघांचा महिन्याचा किराणा येईल.

तो म्हणाला, "लोकांच्या घरी, आजी."

"कोणत्या लोकांच्या?"

"ओळखीचे नव्हते गं. आधी लिहून विचारायचं, अमुक दिवशी येतोय, एक रात्र राहू का? ते हो म्हणाले की जायचं. पैसे घेत नाहीत."

हे ऐकून आमचे धाकटे दीर, जे समोरच बसले होते, ते मोठ्याने हसले. "वहिनी, याला आपल्याकडे फुकटेपणा म्हणतात! पाटलाच्या पोरानं परक्याच्या दारात जाऊन मुक्कामाला जागा मागायची?" नातू हिरमुसला आणि कॉल लवकर संपला.

मला काही ते पटलं नाही. पण का पटलं नाही हे त्या वेळी सांगताही येईना. मास्तरकीची खोड अशी की प्रश्न पडला की पुस्तकांच्या कपाटाकडे पाय वळतात. डोळे बरे झाल्यावर तेच केलं. कमी पैशांत लांबचा प्रवास करणारी आपली माणसं पूर्वी कुठे राहायची? आणि ती राहायची तिथे "फुकट" राहायची का?

सगळ्यात आधी आठवले ते गोडसे भटजी. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज झालेलं. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळणार आहे. भटजी काकांना घेऊन निघाले. साल १८५७! बिचाऱ्यांना काय कल्पना? महूजवळ पोचले तेव्हा वाटेत भेटलेल्या शिपायांकडून कळलं की आता बंड होणार. परत फिरायचं सोडून हे पुढेच गेले. झाशीत राहिले, झाशीचा वेढा आणि नंतरची कत्तल डोळ्यांनी पाहिली, लुटले गेले, लपून बसले आणि जगले. वर्षं गेली. कमाई म्हणावी तर हाती फारसं काही उरलं नाही. पण काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात आले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. पुढे १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. भटजींच्या पश्चात १९०७ साली वैद्यांनी ती 'माझा प्रवास' म्हणून छापली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली.

मी हे पुस्तक वर्गात कितीदा सांगितलं असेल! पण या वेळी वाचताना बंडाकडे कमी आणि मुक्कामांकडे जास्त लक्ष गेलं. हा माणूस रात्री कुठे टेकतो? धर्मशाळेत, देवळात, नाहीतर कुणा ओळखीच्या, नाहीतर ओळखीच्याच्या ओळखीच्या दक्षिणी ब्राह्मणाच्या घरी. माळवा आणि बुंदेलखंडात मराठी सरदारांची राज्यं असल्याने तिथे मराठी बोलणारी घरं होती. ते जाळं नसतं तर वरसईचा भिक्षुक झाशीपर्यंत पोचताच ना. आणि भटजी त्या बदल्यात देतात काय? मंत्र म्हणतात, अनुष्ठान करतात, आणि मुख्य म्हणजे बातम्या सांगतात. वर्तमानपत्रं नसलेल्या काळात दूरच्या मुलखातून आलेला पाहुणा म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. म्हणजे फुकट नव्हतं. देवघेव होती, फक्त रुपयांत नव्हती.

त्या पुस्तकातला विहिरीचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. काल्पीच्या वाटेवर राणी लक्ष्मीबाई तहानलेली येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. तर ती त्यांना थांबवते, विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणते, आणि स्वतः काढून ओंजळीने पिते. काही दिवसांपूर्वी जिच्या शहरात भटजी आश्रयाला होते, ती आता रस्त्यावर आणि तेही रस्त्यावर. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे इतक्या लवकर बदलतं.

दुसरी आठवली ती मुंबईची सायकलवाली पोरं. हे मला दिरांना मुद्दाम सांगायचं होतं, कारण ते स्वतः तरुणपणी सायकलवर भोरला कॉलेजला जायचे आणि त्याचं कौतुक अजून सांगतात! १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. वजन उचलण्याच्या व्यायामाच्या क्लबातले मित्र, विशीतले. पंजाब, बलुचिस्तान, इराण असं करत निघाले. बगदादहून अलेप्पोपर्यंत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपासचं वाळवंट त्यांनी सायकलवर पार केलं. पुढे युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन. सहातले तिघं वाटेत गळले. एक तर अमेरिकेतच राहिला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघं १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. साडेचार वर्षांना थोडेच दिवस कमी आणि सुमारे ७१ हजार किलोमीटर. त्यांनी नंतर पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना पंडित नेहरूंची.

त्यांच्यामागे १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटेच निघाले. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतून १९४२ मध्ये घरी आले. विचार करा, ज्या काळात आपल्या भागातली बहुतेक माणसं फार तर पंढरपूर आणि पुणे पाहून डोळे मिटायची, त्या काळात ही पोरं! त्यांच्यापाशी आजच्यासारखा फोन नव्हता, आधी लिहून विचारायची सोय नव्हती. संध्याकाळ झाली की समोर जे गाव दिसेल तिथे थांबायचं आणि माणसांच्या चांगुलपणावर हवाला ठेवायचा.

आणि तिसरं नाव विनोबांचं. गंमत बघा, विनोबांचं जन्मगाव गागोदे, तेही पेण तालुक्यातच. गोडसे भटजींचं वरसई आणि विनोबांचं गागोदे एकाच तालुक्यात. आमच्या भोरच्या डोंगरांपलीकडे उतरलं की तिकडचाच मुलूख. विनोबा १९५१ पासून तेरा वर्षं भूदानासाठी पायी हिंडले. रोज नवं गाव, रोज नवा यजमान.

१९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण त्यांच्याकडे आशीर्वादाला गेले. त्यांना अणुबाँबच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन असं पायी जायचं होतं. विनोबांनी काय सल्ला द्यावा? बरोबर पैसे नेऊ नका आणि शाकाहारी राहा! पैसे नसले की रोज संध्याकाळी कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं. दार वाजवलं की बोलणं होतं. शाकाहारी आहोत म्हटलं की यजमान "का?" विचारतो, आणि तुमचं सांगणं सुरू. पैसे असते तर हॉटेलात जेवून झोपले असते, कुणाशी एक शब्दही न बोलता.

१ जून १९६२ रोजी ते राजघाटावरून निघाले. पाकिस्तानच्या सरहद्दीवर निरोप द्यायला आलेल्या व्यक्तीने वाटेसाठी शिदोरी दिली, तर यांनी ती घेतली नाही. पुढच्या माणसावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ होईल म्हणून. आणि खरोखरच सीमेपलीकडे एक पाकिस्तानी तरुण त्यांना घरी न्यायला उभा होता. पुढे जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. अणुबाँब असलेल्या चार देशांच्या पुढाऱ्यांना द्या म्हणून सांगितलं. बटण दाबायच्या आधी एक कप चहा प्या म्हणावं! मला हा प्रसंग फार आवडतो. राजकारण म्हणून तो भाबडा असेल, पण त्या बायकांना आपल्या हातात काय आहे हे पक्कं माहीत होतं. चहा होता, तो दिला.

आता नातवाच्या मुलखाकडे येते. त्याला विचारलं, ही परक्याच्या घरी राहायची पद्धत कुणी काढली? उत्तर सापडलं ते थेट डेन्मार्कमध्येच. दुसरं महायुद्ध संपून चारच वर्षं झाली होती. बॉब लुटवायलर नावाचा अमेरिकन तरुण, लढायला नकार देणाऱ्यांपैकी, डेन्मार्कमध्ये आस्कोव्हच्या लोकशाळेत होता. (या लोकशाळांची मूळ कल्पना ग्रुंटविग यांची. पहिली लोकशाळा १८४४ ची. परीक्षा नाहीत, मार्क नाहीत, शेतकऱ्यांच्या मुलांनी एकत्र राहून शिकायचं. मला तर हेवाच वाटला.) तिथे १९४९ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी ठरवलं की युद्ध टाळायचं तर वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी एकमेकांच्या घरी राहावं. दोन रात्री मुक्काम, पैसे नाहीत, पण यजमानांबरोबर बसून जेवायचं आणि गप्पा मारायच्या. १९५२ मध्ये या संघटनेला 'सेर्वास' हे नाव मिळालं, एस्पेरांतो भाषेतलं, अर्थ सेवेचा. ती अजून चालू आहे, भारतातही आहे. नंतर इंटरनेट आलं आणि तशाच पुष्कळ सोयी निघाल्या.

पण त्या लोकांना ही कल्पना रुचली त्याचं मूळ आणखी जुनं असणार. माणसं थोडी, अंतरं मोठी, आणि थंडी अशी की हिवाळ्यात वाटसरूला दारातून परत पाठवलं तर सकाळी तो जिवंत असेलच असं नाही. त्यांच्या 'हावामाल' नावाच्या जुन्या काव्यात पाहुण्याने कसं वागावं आणि यजमानाने काय द्यावं याचा उपदेशच आहे. तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात ते टिकून राहिलं. आणि नॉर्वेत १९५७ पासून तर चक्क कायदा आहे. न कसलेल्या मोकळ्या जमिनीवर कुणीही चालावं, तंबू ठोकावा. अट एवढीच की राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर मालकाला विचारून. आपल्याकडे बांधावरून पाय टाकला तर भावाभावांत कोर्टकचेरी होते, तिथे ही रीत!

पण सगळंच सोनं नाही हं. २०२२ साली इंटरनेटवर एक मोठी चर्चा झाली होती. स्वीडनमधल्या काही घरांत मुलाचा मित्र खेळायला आला असेल तर घरचे लोक जेवायला बसतात आणि तो मित्र खोलीत थांबून राहतो, त्याला जेवायला विचारत नाहीत! जगभरचे लोक चिडले. तिथल्या लोकांचं म्हणणं, त्या मुलाच्या घरी त्याच्यासाठी स्वयंपाक झालेला असतो, आपण कशाला मोडता घालायचा, आणि कुणाला उपकाराखाली का ठेवायचं? आमच्या दिरांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बघा! आपल्याकडे असं होत नाही. आपलं अतिथी देवो भव!"

इथे मात्र मला पुन्हा कपाटाकडे जावं लागलं. कारण आपल्याकडे काय होत होतं ते बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आठवणींत १९०१ सालचा प्रसंग आहे, आणि तो कुठे दूरचा नाही, आमच्याच रस्त्याच्या पुढच्या साताऱ्याचा. नऊ वर्षांचे भीमराव, भाऊ आणि भाचा, असे वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, खिशात पैसे, आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांकडे निरोप पोचला नव्हता, न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरांनी आधी प्रेमाने चौकशी केली. जात कळली आणि त्यांचा चेहरा बदलला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण कबूल झाला, ते पोरांनी गाडी हाकायची आणि त्याने शेजारून चालायचं, या बोलीवर. डब्यात जेवण होतं, पण रात्रभर कुणी पाणी दिलं नाही. सबंध डबा तसाच. पुढे परदेशात शिकून, एवढे मोठे विद्वान होऊन ते बडोद्याला नोकरीला गेले, तर राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, आणि कळलं तेव्हा लोकांनी लाठ्या घेऊन येऊन बाहेर काढलं.

गोडसे भटजींना झाशीपर्यंत दारं उघडली. भीमरावांना साताऱ्याच्या जिल्ह्यात घोटभर पाणी नाही. दोन्ही आपलाच इतिहास. "अतिथी देवो भव" म्हणताना अतिथी कोण हे दारातच ठरवलं जायचं. भाऊजी गप्प झाले. मग म्हणाले, "आपल्या आजोबांच्या ओसरीवरसुद्धा सगळे चढत नव्हते, वहिनी. मी लहान असताना पाहिलंय." हे ते बोलले म्हणून मी लिहिते आहे.

आणि आता जे लिहायचं होतं ते. इतिहासाच्या आड फार वेळ लपता येत नाही.

नातवाने प्रवासातली एक रात्र मला सांगितली. नॉर्वेतल्या डोंगरात होता. ज्यांच्याकडे उतरायचं त्यांच्या घरी अचानक आजारपण आलं, तसा त्यांचा निरोप आला. पाऊस धो धो. रात्रीचे दहा वाजलेले, पण जूनमध्ये तिथे उजेड असतो. तंबू ठोकायला जागा शोधत होता, पण जी दिसली ती एका शेतघराच्या अगदी जवळ. दीडशे मीटरचा नियम! म्हणून विचारायला गेला. दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. माझ्याच वयाची असेल म्हणाला. एकटीच होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पावसाकडे पाहिलं, आणि या पावसात तंबू? असं म्हणून आत घेतलं. बूट बाहेर काढायला लावले (आपल्यासारखंच), कोरडे मोजे दिले, पाव आणि त्यांचं ते तपकिरी चीज खायला दिलं. ताकाच्या निवळीसारखं पाणी आटवून आटवून ते करतात म्हणे. "आजी, साताऱ्याच्या कंदी पेढ्यात थोडं मीठ घातलं तर कसं लागेल, तस्संच!" सकाळी पैसे देऊ लागला तर घेतले नाहीत. त्याने फाटकाजवळची लाकडं रचून दिली. निघताना तिने विचारलं, तुझी आजी आहे का? आहे म्हणाला. तिला सांग तू नीट जेवलास.

मी "बरं बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रात्री झोप लागली नाही.

सन १९७६. श्रावण चालू होता. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती, नुकतीच नोकरी लागली होती. तेव्हाचा आमचा रस्ता म्हणजे दोन गाड्या जेमतेम जातील एवढा, दोन्ही बाजूंना वडाची झाडं. पुण्याहून येणारी गाडी कापूरहोळ सोडून किकवीत शिरली की आमची ओसरी दिसायची. युरोपातून जमिनीवरून येणारे ते केस वाढवलेले गोरे लोक त्या काळात याच रस्त्याने गोव्याला जायचे. (इराण-अफगाणिस्तानात १९७९ मध्ये उलथापालथ झाली आणि ती वाट बंद पडली.) आम्ही त्यांना सरसकट हिप्पी म्हणायचो.

संध्याकाळी पावसात एक मोटारसायकल बंद पडली. ती ढकलत एक पोरगा आमच्या ओसरीसमोर आला. विशीतला, दाढी, अंगात नुसता सदरा, दात वाजत होते. आमचे हे पुण्याला गेलेले. घरात मी आणि सासूबाई. घरातली इंग्रजी येणारी मी. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ कधी आली नव्हती. त्याने हात जोडून काहीतरी विचारलं. मला "स्लीप" एवढा शब्द कळला. तेवढा पुरेसा होता.

सासूबाई आतून म्हणाल्या, "कोण आहे गं? ओसरीवर बसू दे, चहा टाकते."

मी म्हणाले, "आत्याबाई, नको. ही माणसं गांजा ओढतात." आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, "नो रूम." ओसरी एवढी मोठी की दिवाळीत तीस माणसांची पंगत बसायची. आणि मी दार लावलं. आतून कडी घातली, तो आवाज त्याला नक्की गेला असणार.

घाबरले होते हे खरं. घरात दोन बायका, परका पुरुष, रात्र. तेव्हा मी बरोबर वागले असं कुणीही म्हणेल. पण खरं सांगू का? भीती निम्मी होती. निम्मी लाज होती, की मला बोलता येणार नाही आणि सासूबाईंना कळेल की शिकलेल्या सुनेचं इंग्रजी एवढंच.

तो मारुतीच्या देवळात झोपला. पहाटे सासूबाई मला न सांगता भाकरी, चटणी आणि चहाची किटली घेऊन गेल्या. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. परत आल्या आणि एवढंच बोलल्या, "पोराला ताप होता." दुपारी एका ट्रकवाल्याने मोटारसायकल चढवून त्याला नेलं. त्याचा देश कोणता हेसुद्धा आम्हाला माहीत नाही. सासूबाई १९९८ मध्ये गेल्या. त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि मीही नाही. आमच्या ह्यांनाही हे आज वाचूनच कळेल.

चाळीस वर्षं मुलांना परीक्षेत प्रश्न घातला, "गोडसे भटजींच्या प्रवासातील अडचणी लिहा." पाच मार्कांचा. माझ्या दारातली अडचण मी होते.

वडाची झाडं गेली. रस्ता आधी चौपदरी झाला, मग आणखी रुंद. गाड्या आता न थांबता सारोळ्याच्या पुलाकडे सुसाट जातात, ओसरीकडे कोण बघतो? पण नातवाला मी सांगितलं, ते तुझं घरांचं नाव नोंदवायचं असतं ना, त्यात आपलं घर घाल. त्याने घातलं. सायकलवाले, मोटारसायकलवाले, कुणीही. ओसरीलगतच्या खोलीत एक कॉट टाकली आहे, कोरडे टॉवेल ठेवले आहेत. परदेशी पाहुणा राहिला तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, ते मुलाने शिकून घेतलं. भाऊजींनी स्वतःच्या पैशांनी खोलीत गीझर बसवून दिला. तोंडाने काही बोलले नाहीत.

परदेशी अजून कुणी आलेलं नाही. पण फेब्रुवारीत शिवजयंतीच्या आदल्या रात्री, ज्योत घेऊन पळणारी अकरा पोरं टेम्पोसकट दारात थांबली. टेम्पोचं काहीतरी बिघडलं होतं. "आजी, रात्रीपुरती जागा आहे का?" म्हणाली. पिठलं-भाकरी केली, ह्यांनी सतरंज्या घातल्या, ज्योत ओसरीवर तेवत राहिली. बाजूला दोघं दोघं आळीपाळीने जागत होते. जेवताना मी एकाला नाव विचारलं. आडनावही जिभेवर आलं होतं. सवय जुनी आहे. गिळलं आणि त्याच्या ताटात भात वाढला.

तुमच्या घरी, तुमच्या आजोळी असं कुणी रात्रीपुरतं आलं होतं का? थांबवलंत की परत पाठवलंत? आठवत असेल तर लिहून ठेवा. आपल्या घरचा इतिहास दुसरं कुणी लिहिणार नाही.

असो. डोळे दुखायला लागले. आता थांबते.